बाबांच्या कार्डावर

चाळिशी उलटलेला मुलगा बापाच्या कार्डावर औषधं घेतो, हे दवाखान्याच्या रांगेत कुणाला सांगायची वेळ आली की समोरचा आधी माझ्याकडे बघतो, मग व्हीलचेअरकडे, आणि 'अच्छा, अच्छा' म्हणत विषय पाणीकपातीवर नेतो. त्याला दोष द्यावा असं काही नाही. त्याच्या घरची रीत वेगळी. मुलगा नोकरीला लागला की वर्षभरात आईवडिलांना कंपनीच्या मेडिक्लेममध्ये घालतो आणि वडील सोसायटीच्या बाकावर बसून ते चारचौघांना ऐकवतात. आमच्याकडे सगळं उलट. माझे बाबा ७७ वर्षांचे आहेत, आणि माझा आरोग्य विमा म्हणजे ते.

रीतसर बोलायचं तर तो विमा नव्हेच. सीजीएचएस ही केंद्र सरकारचे कर्मचारी आणि पेन्शनर यांच्यासाठीची आरोग्य योजना. १९५४ साली दिल्लीत सुरू झाली, आता पुण्या-मुंबई-नागपुरातही आहे. नोकरीत असताना पगारातून दरमहा वर्गणी कापली जाते. निवृत्त होताना दहा वर्षांची वर्गणी एकरकमी भरली की कार्ड जन्मभराचं. त्या कार्डावर नवरा-बायको, आईवडील आणि मुलं. मुलं कुठवर, हाच या लेखाचा विषय.

मला तेविसाव्या वर्षी अपघात झाला. मोटरसायकल, पावसाळा, रात्रीची वेळ. यापलीकडे त्यात सांगण्यासारखं काही नाही, आणि अपघाताच्या गोष्टी लोकांना जितक्या ऐकाव्याशा वाटतात तितक्या आम्हाला सांगाव्याशा वाटत नाहीत. मज्जारज्जूला मार लागला आणि कमरेखालचं शरीर माझं ऐकेनासं झालं. बाबांच्या निवृत्तीला तेव्हा वर्षभर उरलं होतं. निवृत्तीनंतर राजापूरकडच्या गावी जाऊन राहायचं हे त्यांचं किती वर्षांपासून ठरलेलं. घराची कौलं बदलून घेतली होती, विहिरीवर पंप बसवला होता. पण सीजीएचएस असते शहरात. जिथं ती नाही तिथल्या पेन्शनरला औषधपाण्यासाठी ठरावीक भत्ता मिळतो, आजच्या तारखेला महिन्याला १,००० रुपये. एवढ्यात माझ्या एका आठवड्याची गोळ्या-नळ्यांची सोय होईल की नाही शंका. बाबांनी वर्गणी भरली, कार्ड काढलं आणि पुण्यातच राहिले. गावच्या घरात आता चुलतभाऊ आंब्याच्या पेट्या ठेवतो. बाबा त्याबद्दल कधी बोलत नाहीत. आई बोलते, पण माझ्यासमोर नाही.

कार्डाचं काम कसं चालतं ते जरा नीट सांगतो, कारण बाहेरच्याला वाटतं कार्ड दाखवलं की काम झालं. आधी वेलनेस सेंटर, म्हणजे आमच्या भाषेत डिस्पेन्सरी. तिथले डॉक्टर औषधं लिहून देतात. आत असतील ती खिडकीवर लगेच मिळतात, नसतील त्यांचा 'इंडेंट' लागतो आणि ठरलेल्या केमिस्टकडून ती दुसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर येतात. म्हणजे एका महिन्याच्या औषधांना किमान दोन फेऱ्या. स्पेशालिस्टला दाखवायचं तर रेफरलची चिठ्ठी हवी. गंमत अशी की २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्यांना ही चिठ्ठी लागत नाही, पॅनेलवरच्या हॉस्पिटलात थेट स्पेशालिस्टकडे जाता येतं. त्यामुळे जे अजून पर्वतीच्या पायऱ्या चढतात त्या माझ्या बाबांना चिठ्ठीची गरज नाही, आणि ज्याला पायरीच चढता येत नाही त्या मला आहे. नियम करणाऱ्यानं म्हाताऱ्यांचा विचार केला हे चांगलंच केलं. त्याच्या डोळ्यांसमोर 'पेन्शनरचा मुलगा' म्हणून चाळिशीतला माणूस आलाच नसावा.

औषधं आणायला बाबाच जातात. माझं जाणं म्हणजे रिक्षावाल्याची मनधरणी, खुर्चीची घडी, तिथल्या उंबऱ्याशी झटापट. बाबा कापडी पिशवी घेऊन सकाळी आठच्या आत निघतात. परत आले की पिशवी टेबलावर उपडी करतात, चष्मा कपाळावर सरकवून स्ट्रिपा डोळ्यांजवळ धरून एक्स्पायरी वाचतात, चिठ्ठीशी ताडून मोजतात, आणि मग प्रत्येक पाकिटावर बॉलपेननं लिहितात: बॅक्लोफेनवर 'स. दु. रा.', सोलिफेनासिनवर नुसतं 'रा.'. पहिली गोळी पाय आखडू नयेत म्हणून, दुसरी मूत्राशय शांत राहावं म्हणून. मी त्या गोळ्या रंगावरून, हातात धरताच ओळखतो. पण ते लिहितात आणि मी लिहू देतो.

मणक्याच्या दुखापतीचा खर्च नेमका कुठं होतो हे लोकांना माहीत नसतं. लोकांना ऑपरेशन माहीत असतं. ऑपरेशन एकदा होतं. त्यानंतर रोजचं आयुष्य लघवीच्या नळीवर चालतं. दिवसातून पाच-सहा वेळा, चार-चार तासांनी, हात धुऊन, स्वतःच्या हातानं नळी घालून मूत्राशय रिकामं करायचं. नाही केलं तर मूत्रपिंडावर ताण, आणि केलं तरी अधूनमधून इन्फेक्शन. थंडी वाजून ताप येतो, युरिन कल्चर करतात, एखादा असा जंतू निघतो ज्याला तोंडातून घ्यायची औषधं दाद देत नाहीत, की मग भरती आणि सलाइनमधून अँटिबायोटिक. शिवाय बेडसोअर. बसल्या जागी हातांवर जोर देऊन अंग उचलायचं विसरलो की कातडी लाल होते, आणि लाल झालेली कातडी वेळीच दिसली नाही तर पुढचे तीन महिने पालथं पडून काढावे लागतात. हा सगळा खर्च हप्त्याहप्त्यानं आणि जन्मभर. दवाखान्यात भरती झाल्यावरच जागी होणारी पॉलिसी यातल्या फार थोड्याला लागू पडते. बाबांचं कार्ड महिन्याच्या गोळ्यांना लागू पडतं, तपासण्यांना लागू पडतं, म्हणून ते मोलाचं.

भरती झालो की अजून एक गोष्ट कळते. कुणाला कुठला वॉर्ड मिळणार, जनरल, सेमी-प्रायव्हेट की प्रायव्हेट, हे कार्डधारकाच्या मूळ पगारावर ठरतं. माझ्या खाटेशेजारी पडदा असेल की दार, हे बाबांना नोकरीत किती बढत्या मिळाल्या त्यावर अवलंबून. एकदा एका बढतीसाठी त्यांना गुवाहाटीला जावं लागणार होतं आणि आमच्या शाळेसाठी त्यांनी ती नाकारली. ती घेतली असती तर मला स्वतंत्र खोली मिळाली असती, असं मी एकदा चेष्टेत म्हणालो. आईला ती चेष्टा आवडली नाही.

आता मुलं कुठवर, ते. मुलगा असेल तर कमवायला लागेपर्यंत, लग्न होईपर्यंत किंवा वयाची पंचविशी येईपर्यंत, यांतलं जे आधी घडेल तोवर. मुलीला वयाची अट नाही, ती कमवायला लागली किंवा तिचं लग्न झालं की नाव निघतं. (न कमावणारी बाई कुणा ना कुणाच्या कार्डावर असणारच, हे सरकारनं किती सहज धरून चाललंय बघा.) आणि ज्या मुलाला कायमचं, किमान ४० टक्के अपंगत्व आहे, त्याला वयाची अट नाही. माझ्या वर्गातल्या ज्या मुलांचे वडील केंद्रात होते त्यांची नावं पंचविशीत कार्डांवरून गळली. त्यांना ते कळलंही नाही, तोवर ती हिंजवडीत लागली होती. माझ्या पंचविसाव्या वाढदिवसाआधी मात्र घरात फाइल उघडली गेली. टक्केवारीचा दाखला हवा होता. सरकारी हॉस्पिटलातल्या बोर्डापुढं गेलो. डॉक्टरांनी पायाच्या अंगठ्याला टाचणी टोचून विचारलं, 'कळतंय?' मी म्हटलं, 'नाही.' गुडघ्यावर टोचली, 'इथं?' नाही. त्यांनी लिहून घेतलं. दाखला हातात आला तेव्हा त्यावरचा आकडा ८० च्या वर होता, आणि बाबांनी मोठा निःश्वास सोडला. मला जास्त टक्के पडले म्हणून घरात आनंद झालेली ती पहिलीच वेळ. दहावीला फार समाधान नव्हतं.

टक्क्यांचा प्रश्न एकदाच सुटला. पैशांचा दर महिन्याला नव्यानं पडतो.

कार्डावर राहायचं तर मी बाबांवर अवलंबित असायला हवा, आणि अवलंबित म्हणजे सगळ्या मार्गांनी मिळून माझी कमाई महिन्याला ९,००० रुपये अधिक त्यावरचा महागाई भत्ता, याच्या आत. ही मर्यादा सातव्या वेतन आयोगानंतर २०१६ मध्ये ठरली, त्याआधी ती ३,५०० अधिक महागाई होती. जुलै २०२५ पासूनचा भत्ता ५८ टक्के. म्हणजे ९,००० वर ५,२२०, एकूण १४,२२० रुपये. हा आकडा माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवलेला असतो आणि वर्षातून दोनदा बदलतो. पेन्शनर मंडळी भत्त्याच्या घोषणेची वाट बघतात ती पेन्शन वाढते म्हणून. मी वाट बघतो कारण बाजारात डाळ-तेल महागलं की मला चार पैसे जास्त कमवायची परवानगी मिळते.

मी डीटीपी आणि मुद्रितशोधन करतो. काम घरबसल्या, पानामागे पैसे. या धंद्याचा हंगाम गणपती ते दसरा, दिवाळी अंकांचा. त्या दीड-दोन महिन्यांत झोप न घेता काम केलं तर एका महिन्यात मर्यादेच्या दुप्पट पैसे मिळतील एवढी पानं येतात. मग पुढं फेब्रुवारीत एखादी लग्नपत्रिका नाहीतर सोसायटीचा अहवाल. वर्षाची सरासरी काढली तर मी कसाबसा मर्यादेत बसतो, पण नियम महिन्याचा आहे आणि मला बाबांच्या कार्डाशी खेळ करायचा नाही. म्हणून सप्टेंबरात मी काम नाकारतो. संपादक विचारतात, 'तब्येत ठीक आहे ना?' मी म्हणतो, 'हो हो, जरा हात दुखतोय.' अपंग माणसाचा हात दुखतोय यावर लोक चटकन विश्वास ठेवतात. तब्येत उत्तम असते, हात शिवशिवत असतात, आणि माझी पानं दुसऱ्या कुणाकडे जातात. तो माणूस 'कि' आणि 'की'मध्ये फरक करत नाही. मग अंक आला की मी त्यातल्या चुका मोजत बसतो.

आत्यानं एकदा पुढाकार घेतला. तिला मूलबाळ नाही, घर विकून आलेल्या पैशातले २० लाख माझ्या नावानं मुदत ठेवीत ठेवते म्हणाली, म्हणजे आमच्या माघारी तुला काही असेल. बाबांनी कागद-पेन्सिल घेतली. सात टक्के धरले तर वर्षाचे १ लाख ४० हजार, महिन्याला ११,६६६. व्याज ही कमाईच. म्हणजे मला उरले अडीच हजार रुपये, तेवढंच काम करायची मुभा. आत्या म्हणाली, 'अरे, पण मी त्याच्या औषधांसाठीच ठेवतेय ना?' बाबा म्हणाले, 'ताई, तू ठेवलेस तर औषधं बंद होतील.' ठेव झाली नाही. ती गोष्ट आत्याच्या मनाला अजून लागून आहे. तिला वाटतं आम्हाला तिचा पैसा नको होता.

आणि ती नोकरी. एका कंपनीनं अपंग उमेदवारांची भरती काढली होती. मराठीत मजकूर तपासायचा, घरून काम, पगार मर्यादेच्या अडीचपट. पहिल्या दिवसापासून ग्रुप मेडिक्लेम, आधीच्या दुखण्यांसकट. त्या रात्री जेवणं झाल्यावर आम्ही तिघं बसलो. आई म्हणाली, 'नोकरी आज आहे, उद्या नाही. कार्ड आहे.' बाबा म्हणाले, 'घे नोकरी. माझ्या कार्डावर किती दिवस काढणार?' मी म्हटलं, 'बाबा, नोकरी सुटली तर परत तुमच्या कार्डावर येता येईल?' ते दुसऱ्या दिवशी पेन्शनर मित्रांत विचारून आले. एकानं सांगितलं येता येतं, दुसऱ्यानं सांगितलं येता येत नाही, तिसऱ्यानं त्याच्या भाच्याची गोष्ट सांगितली. ग्रुप पॉलिसीतून बाहेर पडणाऱ्याला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय नियमांत आहे, पण दारात अंडररायटर, म्हणजे अर्जदाराची जोखीम तपासून हो-नाही ठरवणारा कंपनीचा माणूस, बसलेला असतोच. मी नोकरी घेतली नाही. आजही घेणार नाही. माझ्या जागी असलेला आणि मूत्रपिंडाची काळजी असलेला कुठलाही शहाणा माणूस हेच करील, आणि मला चीड येते ती याचीच. 'अपंगांना काम करायची इच्छा नसते' असं म्हणणारे भेटतात तेव्हा मी त्यांच्यापुढं १४,२२० हा आकडा ठेवतो.

मग बाहेरून विमा घे ना, असं सगळेच म्हणतात. बहीण नाशिकला असते. तिच्या कंपनीच्या पॉलिसीत आईबाबांना जागा आहे, सासूसासऱ्यांना जागा आहे, भावाला नाही. वैयक्तिक पॉलिसीसाठी अर्ज केला तेव्हा एका कंपनीनं दोन ओळींची नकाराची मेल पाठवली, कारण न देता. दुसरीकडच्या एजंटानं आपुलकीनं सांगितलं, 'दादा, फॉर्म भरूच नका. रिजेक्ट झालं की पुढच्या प्रत्येक फॉर्मवर तेही लिहावं लागतं.' डिसेंबर २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं अशाच एका प्रकरणात, चारही हातपाय निकामी झालेल्या पण नोकरी करणाऱ्या माणसाच्या अर्जावर, आरोग्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं आणि विमा नियामकाला कंपन्यांना एकत्र बोलवायला लावलं. त्यातून फेब्रुवारी २०२३ मध्ये नियामकाचं परिपत्रक निघालं. अपंगांसाठी, एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी आणि मानसिक आजार असलेल्यांसाठी प्रत्येक कंपनीनं पॉलिसी ठेवलीच पाहिजे. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मग तोच एजंट अशी एक पॉलिसी घेऊन आला. रक्कम लहान, आधीच्या दुखण्याला वर्षांची वाट, वर बिलातला काही वाटा आपल्या खिशातून, आणि गोळ्या-नळ्यांना काहीच नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला तेव्हा त्यानं पेढे आणले. मला जी पॉलिसी मिळत नाही तिच्यावरचा कर माफ झाला म्हणून मीही एक पेढा घेतला.

सरकारी योजना नाहीत असं नाही. निरामय आहे, लाखापर्यंत, थेरपीलाही लागू, आणि आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही. ओळखीच्या एका सेरेब्रल पाल्सीच्या मुलीच्या घरी तिचा खरा आधार आहे. पण ती नॅशनल ट्रस्टच्या कायद्यातल्या प्रकारांपुरती: ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता. माझा मणका त्यांत बसत नाही. २०१५ मध्ये स्वावलंबन नावाची दोन लाखांची योजना आली होती, ती फार काळ टिकली नाही. महात्मा फुले योजना आहे आणि ती मोठी आहे, पाच लाखांची, पण ती ठरलेल्या उपचारांसाठी भरती झाल्यावरची. राज्य कामगार विम्यात अपंग मुलाला वयाची अट नाही, अपंग कामगारासाठी पगाराची मर्यादाही २१,००० ऐवजी २५,००० आहे, पण त्याला आधी कारखान्या-दुकानातली तशी नोकरी हवी. या सगळ्यांतून उरलेल्यांचं काय, हे २०१६ च्या अपंग हक्क कायद्यानं लिहून ठेवलंय. कलम २४ म्हणतं की ज्यांना कामगार विमा किंवा दुसरी कुठली सरकारी विमा योजना लागू नाही त्या अपंगांसाठी सर्वसमावेशक विमा योजना करावी. त्याच कलमाच्या सुरुवातीला 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' असंही आहे. वकील मित्र म्हणतो, अख्खं कलम त्या तीन शब्दांत बुडतं.

माझी मागणी फार मोठी नाही, आणि फुकटही नाही. सीजीएचएसची वर्गणी २०१७ पासून पगाराच्या पातळीनुसार महिन्याला २५० पासून १,००० रुपयांपर्यंत आहे. मी मर्यादेपेक्षा जास्त कमावले तर कार्डावरून काढू नका, माझ्याकडून वर्गणी घ्या. हजार घ्या, दोन हजार घ्या. मी महिन्याला ३०,००० कमावले म्हणून माझ्या पायांत संवेदना येत नाही, आणि खुल्या बाजारात मला कुणी धड विमाही देत नाही. कमाईची अट धडधाकट मुलासाठी ठीक आहे, कारण कमावता झाला की त्याच्यासाठी दुसरं दार उघडतं. माझ्यासाठी दुसरं दार नसताना पहिलं बंद करायला कमाईचं निमित्त कशाला?

या नियमाचा खरा वेडेपणा मात्र पुढं आहे, आणि तो मला बाबांनीच दाखवला. त्यांच्या माघारी आईला फॅमिली पेन्शन, आणि दोघांच्या माघारी मला, आयुष्यभर. फॅमिली पेन्शनर म्हणून माझं स्वतःचं कार्डही निघू शकतं. फॅमिली पेन्शनसाठीही पूर्वी तीच नऊ हजार अधिक महागाईची अट होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये सरकारनं अपंग मुलांसाठी ती सैल केली. आता माझी इतर कमाई मिळू शकणाऱ्या फॅमिली पेन्शनपेक्षा, म्हणजे बाबांच्या शेवटच्या पगाराचे ३० टक्के अधिक महागाई यापेक्षा, कमी असली की झालं. सातव्या आयोगानुसार बाबांचा शेवटचा मूळ पगार ६०,००० च्या आसपास धरला जातो. त्याचे ३० टक्के १८,०००, वर ५८ टक्के, एकूण २८,४४०. बाबांनी दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले आणि कागद माझ्याकडे सरकवला. आम्ही असताना १४,२२०, आम्ही गेल्यावर बरोबर दुप्पट. 'म्हणजे बघ,' ते म्हणाले, 'तुझी प्रगती माझ्यामुळेच अडलीय.' आणि हसले. मलाही हसू आलं. आई उठून आत गेली.

बाबा तब्येतीला जपतात, आणि कुणासाठी जपतात हे घरात सगळ्यांना माहीत आहे. बीपीची गोळी चुकवत नाहीत, लोणचं सोडलं, पहाटे फिरायला जातात. शेजारचे काका म्हणतात, काय हो या वयात फिटनेस. बाबांना छातीत जरा जळजळ झाली की मी मनातल्या मनात कागद मोजायला लागतो: आईचं फॅमिली पेन्शनचं, तिचं कार्ड, तिच्या कार्डावर माझं नाव. स्वतःच्या बापाच्या ॲसिडिटीकडे असं बघावं लागणं ही काही बरी गोष्ट नाही.

सध्या आम्ही बाबांच्या पेन्शनच्या आदेशात, म्हणजे पीपीओत, माझं नाव घालायच्या मागे आहोत. कायम अपंगत्व असलेल्या मुलाचं नाव पेन्शनरच्या हयातीतच त्यात घालता येतं, म्हणजे नंतर खेटे कमी पडतात. ज्यांच्या घरी अशी परिस्थिती आहे त्यांनी हे आईवडील धडधाकट असताना करून घ्यावं, नंतर सही कुणाची आणायची हा प्रश्न होतो. त्यासाठी पुन्हा मेडिकल बोर्डाचा दाखला लागतो, आणि या दाखल्याचा प्रश्न टक्क्यांच्या पुढचा असतो. अपंगत्व असं हवं की ज्यामुळे माणसाला स्वतःची उपजीविका करता येत नाही. आता हे कसं सिद्ध करायचं? एका हातात हा अर्ज आणि दुसऱ्या हातात एका कोशाची प्रुफं. मर्यादेपर्यंतची कमाई चालते असं नियमच सांगतो, म्हणजे थोडी उपजीविका करता येणाऱ्यालाही उपजीविका करता येत नाही असं म्हणता येतं. बाबांचं मत पडलं की बोर्डाची तारीख होईपर्यंत काम बंद ठेव, उगाच कुणी काही विचारायला नको. मी म्हटलं, 'बाबा, आधी सप्टेंबर गेला, आता हेही?' ते गप्प बसले. मग म्हणाले, 'बरं. पण पावत्या नीट ठेव. जे आहे ते दाखवू.'

त्याच संध्याकाळी कोशाच्या प्रकाशकांचा फोन आला. पहिला खंड आवडला होता, दुसरा लगेच सुरू करायचा होता. महिन्याला किती पानं कराल, विचारत होते. मी म्हटलं, सध्या पन्नास. जानेवारीपासूनचा महागाई भत्ता मार्चमध्ये जाहीर होईल, तेव्हा वाढवून सांगतो.

पलीकडे क्षणभर काही आवाज नाही.

'तुम्ही सरकारी नोकरीत आहात का हो?'

'नाही,' मी म्हटलं. 'बाबा होते.'